थावरू राठोडची पाठ

थावरू राठोड आमच्या कचेरीत आला की आडवाच व्हायचा. नमस्कार नाही, चौकशी नाही. खांद्यावरचं घोंगडं माझ्या टेबलासमोर फरशीवर टाकायचा, एका हातानं भिंत धरायचा, आधी एक गुडघा, मग दुसरा, मग कोपर, असं करत करत खाली जायचा आणि उताणा पडून छताकडे बघत म्हणायचा, "हं, बोल बाबू. माह्या कागदाचं काय झालं?"

त्याला बसता येत नव्हतं. उभं राहता येई, चालता येई, पडता येई. बसलं की कमरेतून कळ निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाई. निदान तो तसं सांगत असे. 'निदान तो तसं सांगत असे' हे शब्द माझे नाहीत, कचेरीचे आहेत. पण इतकी वर्षं वापरून ते माझेच झाले, म्हणून तसेच ठेवतो.

कचेरी म्हणजे यवतमाळातल्या दोन खोल्या. लढाईवरून परतलेल्या शिपायांचे अर्ज तिथे येत. एक साहेब, एक कारकून म्हणजे मी, आणि एक शिपाई, रहीमचाचा. जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. निम्म्या फायली नागपूरला अडकल्या होत्या, निम्म्या कुठे होत्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक बाकावर बसून वाट बघत. थावरू जमिनीवर पडून वाट बघायचा. रहीमचाचा त्याला कधी ओलांडत नसे. निजलेल्या माणसाला ओलांडू नये म्हणून भिंतीकडेनं वळसा घालून जाई. मी ओलांडत असे.

मला तो आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. शेवटपर्यंत आवडला नाही. मेलेल्या माणसावर लिहिताना माणसं जुना स्नेह शोधून काढतात. आमच्यात तसला काही नव्हता. तो मला 'बाबू' म्हणायचा, पण त्या शब्दात मान नसे. जमिनीवरून त्याला माझ्या टेबलाची खालची बाजू दिसायची. "बाबू, तुह्या टेबलाखाली कोळ्यानं संसार थाटला. थ्याले बी पेन्शन देऊन राह्यला का तू?" बाकावरची माणसं हसत. मी फाईल उघडून वाचत असल्यासारखं करी. एकदा दुपारपर्यंत पडून राहिल्यावर म्हणाला, "तू बसून हाय, मी निजून हाय. सरकारचं काम दोघंबी सारखंच करून राह्यलो."

तो आर्णीच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. मोटारीत बसणं शक्य नसल्यानं तो फक्त कापसाच्या दिवसांत यवतमाळला येई. जिनिंगला कापूस घेऊन येणाऱ्या बैलबंडीवर, कापसाच्या ढिगावर पालथा पडून. कापूस संपला की त्याचं येणं बंद. त्यामुळे वर्षातले आठ महिने मी निवांत असे, आणि दिवाळी झाली की मला त्याची आठवण यायला लागे, दाताच्या दुखण्याची यावी तशी.

अपंगत्वाच्या पेन्शनचा नियम साधा होता. दुखणं लष्करात असताना झालं आणि तेव्हापासून आजपर्यंत सलग आहे, हे अर्जदारानं सिद्ध करायचं. दुखणं आहे की नाही ते डॉक्टर बघत. बाकीचं कागद बघत. थावरूजवळ एकच कागद होता, लष्करातून सुटतानाचा, आणि त्यावर लिहिलं होतं की प्रकृती उत्तम.

"बरमात होतो मी, खच्चर कंपनीत," तो पहिल्याच दिवशी फरशीवरून सांगू लागला. "पानी असा, का दिवसा अंधार. डोंगराच्या पायवाटेनं दारूगोळा लादून चाललतो. माहं खच्चर घसरलं. रस्सी माह्या हाताले गुंडाळलेली. सोडून देल्ली असती तं खच्चर गेलं असतं खाली, आन् मी बसलो असतो आज खुर्चीत, तुह्यासारखा. नाई सोडली. खडकाले पाठ लावली आन् धरून राह्यलो. चार जन येईपर्यंत धरलं. कमरेत कायतरी कडकन् वाजलं. मले वाटलं खोगीर तुटलं."

"पण सोडली का नाही?"

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी अचकटविचकट बोललो असेन तसं.

"माहे आजे-पंजे लदेणीवाले. बैलाच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलखाचा मुलूख फिरायचे. लादलेलं जनावर सोडून देनारा आमच्यात मानूस म्हनत नाईत, बाबू."

"मग सुटताना डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"जो तकलीफ सांगे, थ्याले अस्पतालात ठेवून घेत. चार सालापासून याडीचं, माह्या मायचं, तोंड पाह्यलं नोतं. डॉक्टर म्हने, कोई तकलीफ? म्या म्हनलं, कोई नहीं साब."

"म्हणजे तूच खोटं सांगितलंस."

"हो. येक डाव सांगतलं. तू तं रोज सांगतं, साहेब जेवाले गेले म्हून."

साहेब खरोखरच जेवायला गेले होते. पण बाकावर पुन्हा हशा झाला.

मी त्याला सांगितलं की सुटल्यापासून आजपर्यंत कुठल्या दवाखान्यात उपचार घेतला, त्याच्या चिठ्ठ्या आण. तो जसा खाली गेला होता तसा एकेक सांधा गोळा करत उठला, माझ्याकडे पाठ केली आणि सदरा वर ओढला.

"हे पाह्य. वाच."

मणक्याच्या दोन्ही बाजूंनी डाग होते. तापलेल्या विळ्याच्या टोकानं दिलेले. तांड्यावरच्या दुखण्याला तेव्हा हेच औषध. वरचे पांढरे पडले होते, खालचे तांबूस, आणि सगळ्यात खालचा अजून ओला. मला शिसारी आली. त्यानं पाठमोऱ्यानंच, हात मागे नेऊन बोटानं एकेक डाग दाखवत सांगायला सुरुवात केली.

"हा पयला. घरी आलो त्या सालचा. थंडी पडली आन् पाठ धरली, आठ दिवस उठलो नाई. याडीनं देल्ला. हा दुसऱ्या सालचा. हा तिसऱ्या. दर साली थंडीत धरते, दर साली येक. इथपर्यंत याडीचे. गोल हायेत का नाई? तिचा हात लोखंडाचा होता. मंग याडी गेली. इथून खालचे गोमलीचे, माह्या बायकोचे. लांब झाले. तिचा हात हालते. तिले रडू येते न."

मी मोजले. दहा सुकलेले, अकरावा ओला. सुटका झाल्यापासूनचे तितकेच हिवाळे. कुठलाही शाळकरी मुलगा वाचू शकला असता. दवाखान्याची चिठ्ठी हरवते, ओली होते, उंदीर खातात. हे हरवण्यासारखं नव्हतं.

"हा कागद नाही," मी म्हणालो.

"मंग हे काय हाय?"

"हा कागद नाही, थावरू. सदरा खाली घे. लोक बसलेत."

तरीही त्या दिवशी मी त्याचा अर्ज पूर्ण करून दिला, हे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच. वैद्यकीय तपासणीसाठी नाव पाठवलं आणि मनाशी ठरवलं की डॉक्टर येतील तेव्हा त्यांना हे डाग समजावून सांगायचे. खरोखर ठरवलं होतं. त्याचं बोलणं मला झोंबत असलं तरी त्याची पाठ मला पटली होती.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या मेव्हण्याचं लग्न निघालं, आर्णीला. रजा शिल्लक नव्हती. ओळखीच्या डॉक्टरांनी तीव्र कंबरदुखीचा दाखला लिहून दिला. मी खुर्चीवरून उठण्याआधी त्यांची सही झाली होती. आठ दिवस माझी कंबर कागदावर दुखली. नेमका त्याच आठवड्यात थावरू कापसाच्या बंडीवरून आला. रहीमचाचानं भाबडेपणानं सांगितलं, "बाबूची कंबर धरली, भाई. आठ दिवस नाही येत." थावरूनं म्हणे दोनदा विचारलं, "लय दुखते का?" आणि आर्णीमार्गे परत जाताना त्यानं वरात बघितली. वरातीत नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचणारा मी होतो.

महिन्यानं तो पुन्हा आला. त्या दिवशी आडवा झाला नाही. साहेब त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते, बाकावर सात-आठ माणसं होती. थावरू भिंत धरून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "बाबू, कंबर कशी हाय आता? पोट्टा चांगला दांडगा होता नवरदेव. म्या बंडीवरून पाह्यलं. पाच-सहा चकरा मारल्या तू थ्याले घेऊन. तुह्या डॉक्टरचं नाव सांग न मले. थ्याच्या कागदानं मानूस नाचाले लागते."

कुणीतरी फस्सकन हसलं. मी म्हणालो, "थावरू, तोंड सांभाळ."

"सांभाळतो. तुही कंबर कागदावर दुखते, माही कागदाबिगर दुखते. आपन दोघं भाऊभाऊ हावो."

साहेबांनी मला आत बोलावलं. लेखी खुलासा द्यावा लागला. सेवापुस्तकात शेरा पडला, खोटा वैद्यकीय दाखला जोडल्याबद्दल. घरी बायकोला सांगण्याची हिंमत झाली नाही. तिला अजूनही माहीत नाही. तो शेरा लिहिला गेला त्या दिवसापासून मला थावरूची पाठ पटेनाशी झाली. असं होत नसतं, पाठ तीच होती. पण मी स्वतःला सांगू लागलो की हा माणूस बेरकी आहे, दुसऱ्याचं पकडतो म्हणजे स्वतःचंही काही असणारच.

तपासणीला अजून एक हिवाळा लागला. लष्करी डॉक्टर दोन दिवसांसाठी यवतमाळच्या डाकबंगल्यात उतरले. मी फायली घेऊन त्यांच्या टेबलाशेजारी उभा होतो. बाहेर झाडाखाली बरेच जण ताटकळत होते. थावरू आत आला तो लष्करी चालीनं, टाचा जुळवून. डॉक्टर म्हणाले, "कमीज ऊपर. दीवार की तरफ." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, दोन्ही तळहात भिंतीला लावून.

डॉक्टरांनी मणका दाबत खालपर्यंत बघितलं. "दर्द?"

"है साब."

"कब से?"

"लडाई से, साब."

मग त्यांचं बोट डागांवर थांबलं. ते माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत मला विचारलं, या खुणा कसल्या, कधीच्या?

प्रश्न सरळ होता. उत्तर माझ्याजवळ होतं, बोटानं मोजून दाखवलेलं. तेरा डाग, तेरा हिवाळे. सहा आईचे गोल, सात बायकोचे लांब. सगळ्यात वरचा सुटका झाली त्या वर्षीचा. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. माझं इंग्रजी लिहिण्यापुरतं. बोलायला जीभ अडखळे. म्हणून मी हिंदीत बोललो.

"ये लोग ऐसेही हैं, साहब. बचपन से दागते हैं. पेट दुखा तो दाग, बुखार आया तो दाग."

डॉक्टरांनी 'हूं' केलं आणि लिहिलं. मी पुढची फाईल उघडली.

माझ्या त्या बोलण्यात खोटा असा शब्द एकही नव्हता. तांड्यावर पोटदुखीच्या पोरांना डागतातच. म्हणूनच ते तोंडातून इतकं सहज गेलं. थावरूनं सदरा खाली घेतला, वळला, डॉक्टरांना सलाम ठोकला आणि बाहेर गेला. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, त्याला ऐकू गेलं नसावं.

निकाल उन्हाळ्यात आला. पाठीचा विकार लष्करी सेवेत झाल्याचे व तेव्हापासून सलग असल्याचे सिद्ध होत नाही. पाठीवरील खुणा जमातीच्या रूढीप्रमाणे बालपणापासूनच्या आहेत. पत्र इंग्रजीत होतं. अर्जदारासाठी मराठी तर्जुमा मीच केला, सुवाच्य अक्षरात.

त्यानंतर दिवाळी झाली, कापसाच्या बंड्या सुरू झाल्या, थावरू आला नाही. मला बरं वाटलं. पुढच्याही वर्षी आला नाही. तेव्हाही बरंच वाटलं, पण थोडं कमी. चार हंगाम असे गेले. रहीमचाचा मात्र माझ्या टेबलासमोरून जाताना अजूनही भिंतीकडेनं वळसा घालून जायचा. मी एकदा चिडून विचारलं, "चाचा, तिथे कुणी आहे का?" तो म्हणाला, "आदत पड गई, बाबू."

चीनची लढाई होऊन गेल्यावर हुकूम आला: नाकारलेल्या जुन्या प्रकरणांत नवा पुरावा असेल तर ती पुन्हा पाठवावीत. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. थावरूची फाईल हातात आली तेव्हा मी ती दोनदा खाली ठेवली. तिसऱ्यांदा पिशवीत घातली आणि रविवारी आर्णीची मोटार पकडली. तिथून तांड्यापर्यंत पायी.

तो दारापुढच्या सावलीत चटईवर पडला होता. आता उताणाही नाही. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. शेजारी गोमली ज्वारी निवडत होती.

"थावरू, मी आलोय. कचेरीतला."

त्यानं डोळे उघडले. "बाबू? काहून? तुहं टेबल चोरीले गेलं का?"

गोमलीनं त्याला विचारलं, "याले पानी देऊ का नको?"

"दे. दारात आलेल्या कुत्र्याले बी पाजतो आपन."

मी पाणी प्यालो. हुकुमाचं सांगितलं. "पुन्हा अर्ज कर. नवा पुरावा आहे."

"कोनता पुरावा?"

"मी," असं म्हणून मी त्याला डाकबंगल्यातलं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं, मी काय बोललो आणि का बोललो. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाला, "मले मालूम हाय."

"काय?"

"माहं तोंड होतं भिंतीकडं. कान नोते भिंतीत. 'बचपन से दागते हैं, साहब.'" माझा आवाज त्यानं अगदी हुबेहूब काढला, शेवटच्या 'साहब'मधल्या लाचारीसकट.

"मग तू तिथंच का नाही बोललास?"

"साहेबानं कोनाले इचारलं? पाठ माही, आन् इचारलं तुले. मी फौजी मानूस. इचारल्याबिगर बोलत नाई." मग म्हणाला, "आन् मले वाटलं, बाबू रागात बोलला. आता बाहीर येईन, इडी पिईन, पस्तावीन आन् आत जाऊन साहेबाले सांगीन. झाडाखाली दिवस बुडेपर्यंत उभा होतो मी. तू मागच्या दारानं गेलता."

मी खरोखरच मागच्या दारानं गेलो होतो.

पुढचं गोमलीनं सांगितलं, ज्वारीवरची नजर न उचलता. तांड्याचं काम घरटी एक गडी देऊन होतं. थावरूची पाठ गेलेली म्हणून तांड्याच्या प्रमुखानं, नायकानं, त्याला सूट दिली होती. निकालाचं पत्र मास्तरनं तांड्यापुढे वाचून दाखवलं. "नायक म्हने, सरकारचा डॉक्टर म्हनते याले काई झालं नाई. मंग आमाले काहून सांगून राह्यला? त्या साली हीर खंदली तांड्यानं. पोट्टे याले फौजी म्हनत नोते, निजाळू म्हनत. हा गेला मातीच्या टोपल्या उचलाले. चवथ्या दिवशी झोळीत घालून आनला. तवापासून असाच हाय."

निजाळू! माझ्या सुवाच्य अक्षरातल्या तर्जुम्यावरून पोरांनी त्याला हे नाव ठेवलं होतं.

"थावरू, पेन्शन मिळेल. मी लिहून..."

"पेन्शनचं मंग. आधी नायकाले सांग."

नायक म्हातारा होता, पागोटेवाला. त्याला बोलावलं, त्याच्यामागून आणखी पाच-सहा जण आले. मला उभं केलं. थावरू चटईवरून बघत होता. मी सांगितलं. नायकानं विचारलं, "म्हंजे कागद खोटा होता?"

"कागदाचं काही नाही. चूक माझी. मी डॉक्टरांना खरं सांगितलं नाही."

"म्हंजे याची पाठ लढाईतच गेली?"

"हो."

"आन् आमी याले टोपली देल्ली."

मागे उभा असलेला एक जवान गडी मान खाली घालून निघून गेला. नायक थावरूजवळ गेला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याच्या उशाशी नुसताच बसला. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळून म्हणाला, "हे लिहून दे."

"देतो. आधी साहेबांच्या कानावर घालून, मग..."

थावरू हसला. हसताना पाठ दुखत असावी, कारण त्यानं दात आवळले. "पाह्य नायका! तोंडानं सांगतलं थ्यानं. तांड्याले सांगाले काय लागते? तांडा याच्या पुस्तकात शेरा मारत नाई."

"लिहीन. याच महिन्यात."

"लिही. आन् आता निंग. तुहं तोंड पाह्यलं का माही पाठ जास्ती दुखते."

मी त्या महिन्यात लिहिलं नाही. पुढच्याही नाही. त्या वर्षी मोठ्या कारकुनाची जागा रिकामी व्हायची होती आणि सेवापुस्तकात एक शेरा आधीच होता. कोरा कागद घेई, 'मी खाली सही करणार' एवढं लिही आणि कुणीतरी आलं म्हणून खणात सारी. दीड वर्ष असं गेलं. जागा मला मिळाली.

एका सकाळी जिनिंगवरून येताना रहीमचाचाला आर्णीकडचा बंडीवाला भेटला. कचेरीत येऊन त्यानं माझ्यासमोर टोपी काढली. "वो लेटनेवाला गया, बाबू. पंधरा दिन हुए."

त्या दिवशी मी लिहिलं. सगळं लिहिलं, चार पानं. खोट्या दाखल्याचं, वरातीचं, डाकबंगल्याचं. नवे साहेब तरुण होते. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "अहो, हे पाठवायचंय? परिणाम कळतात ना तुम्हाला?" मी हो म्हणालो. रात्रंदिवस जिची भीती बाळगली त्या शिक्षेची मी वाट बघू लागलो. काहीच झालं नाही. शेरा नाही, चौकशी नाही, कुणी साधा प्रश्न विचारला नाही. दीड वर्ष मी ज्याला भ्यालो, ते मुळात कुठे नव्हतंच. तीन महिन्यांनी दोन ओळी आल्या: अर्जदार मयत झाल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. त्याचाही तर्जुमा मीच केला.

टपालानं पाठवता आला असता. घेऊन गेलो. गोमली तांड्यावर नव्हती. आर्णीच्या रस्त्यावर खडी फोडायच्या कामाला होती. उन्हात, ओढणीचं टोक दातात धरून हातोडा चालवत होती. मला बघून तिनं हात थांबवला, पण उठली नाही.

"काय आनलं?"

"सरकारचं उत्तर. मी सगळं लिहून कळवलं होतं."

"काय म्हनते?"

"ते वारले, म्हणून प्रकरण बंद केलं म्हणतात."

"आन् पाठीचं?"

"पाठीचं काही नाही."

"दुखत होती का नोती, थेबी नाई लिवलं?"

"नाही."

तिनं कागदासाठी हात पुढे केला नाही. मी तो धरून उभाच होतो. तिनं पुढचा दगड पायाशी ओढून घेतला, नीट बसवला.

"सरक बाजूले, बाबू," ती म्हणाली. "कपरी उडते. डोळ्यात जाईन."

मी बाजूला झालो.